अलानिस मॉरिसेटचा 'जॅगिड लिटल पिल': अख्खा ऐकायचा की निवडक? (ठाणे-नवी मुंबई श्रवणगट)

नौपाडेकर

मंडळी, श्रवणगटाची पुढची बैठक रविवारी संध्याकाळी वसंत विहारच्या क्लबहाऊसमध्ये ठरली आहे. आजवर आपण नाट्यपदं, गझला, ख्याल आणि सत्तरच्या दशकातलं रॉक भरपूर ऐकलं. बाईने स्वतः लिहिलेला, स्वतःच गायलेला अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत मात्र एकत्र बसून कधी ऐकला नाही. या वेळी मी अलानिस मॉरिसेटचा 'जॅगिड लिटल पिल' सुचवतोय. १३ जून १९९५ ला तो आला, त्याला तीस वर्षं उलटून गेली. जगभरात ३ कोटींहून जास्त प्रती खपल्या. खपासाठी मी तो सुचवत नाहीये.

ज्यांनी ऐकलेला नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देतो. अलानिसचा जन्म १९७४ चा, कॅनडातल्या ऑटावाचा. लहानपणी टीव्हीवर मुलांच्या कार्यक्रमात होती. सतरा-अठराव्या वर्षापर्यंत तिचे कॅनडात दोन अल्बम निघाले होते, दोन्ही डान्स-पॉप. पहिला चांगला चालला, दुसरा तितका नाही, आणि कंपनीशी करार संपला. मग ती लॉस एंजेलिसला गेली आणि १९९४ मध्ये तिची ग्लेन बॅलार्डशी गाठ पडली. बॅलार्ड मुरलेला गीतकार-निर्माता. मायकल जॅक्सनच्या 'मॅन इन द मिरर'चा सहलेखक तो हाच. एन्सिनोमधल्या त्याच्या घरच्या स्टुडिओत दोघं बसायचे आणि दिवसाला एक गाणं पुरं करायचं असा त्यांचा प्रयत्न असे. शब्द आणि चाल एकाच बैठकीत. रात्री उशिरा ती एकदा-दोनदा गायची आणि घरी जायची.

पुढे अल्बम करायची वेळ आली तेव्हा त्या रात्रीच्या गायनाला त्यांनी बऱ्याच ठिकाणी हात लावला नाही. नमुना म्हणून गायलेला आवाज तसाच ठेवला आणि वाद्यं त्याच्याभोवती नंतर बसवली. मला सगळ्यात मोलाची वाटते ती ही गोष्ट. ओळ सुरू होण्याआधीचा श्वास ऐकू येतो, वरच्या पट्टीत जाताना आवाज चिरतो, मध्येच खर्जातून एकदम उडी मारतो, आणि हे सगळं त्याच क्षणी सुचल्यासारखं वाटतं, कारण तेव्हा ते तसंच सुचलेलं होतं.

प्रश्न एवढाच आहे: बारा गाणी सलग ऐकायची, की पाच-सहा निवडून मध्ये बोलायचं?

ऐरोलीचा_बेस

सलग! माझं मत अगदी पक्कं आहे.

नौपाडेकरांनी आवाजाबद्दल लिहिलंय त्यात वादकाच्या बाजूने भर घालतो. त्या घरच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रण एडॅटवर झालं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आलेलं हे यंत्र. व्हीसीआरच्या कॅसेटसारख्याच टेपवर डिजिटल आठ ट्रॅक घ्यायचं. मोठ्या स्टुडिओच्या मानाने स्वस्त, त्यामुळे माणसं घरात बसून नीट दर्जाचं काम करू लागली. तासावर भाड्याचं मीटर नाही, काचेपलीकडे चार अनोळखी माणसं नाहीत. एकवीस वर्षांची होण्याआधीची मुलगी रात्री अकरा वाजता मनातलं जसंच्या तसं गाऊ शकली, त्यात या यंत्राचा मोठा वाटा आहे असं मी मानतो.

आता 'यू ऑटा नो' घ्या. त्यात बेस वाजवलाय रेड हॉट चिली पेपर्सच्या फ्लीने आणि गिटार डेव्ह नव्हारोने. त्या दोघांना आधीची वाद्यं न देता तिचा आवाज ऐकवला गेला, आणि त्या आवाजाला धरून त्यांनी आपापले भाग नव्याने रचले. म्हणून तो बेस असा चालतो. कडव्यात तो तिच्या ओळींच्या मधल्या मोकळ्या जागांत घुसतो, ती बोलायला लागली की मागे सरतो. इतर गाण्यांत ऱ्हिदमवर गायिका चढते, इथे ऱ्हिदम गायिकेवर चढलाय. ऑर्गनवर बेनमाँट टेंच आहे, टॉम पेटीच्या बँडमधला. तो मागे इतका हळू वाजतो की चांगल्या स्पीकरशिवाय कळणारच नाही.

त्यामुळे कृपा करून मोबाईल किंवा ब्लूटूथच्या डब्यावर वाजवू नका. बेस गेला तर निम्मं गाणं गेलं.

तलावपाळी_संध्या

सलग ऐकायला माझी हरकत नाही. पण 'स्वतः लिहिलेला' याबद्दल बोलायला हवं. बॅलार्डचा वाटा सहज बाजूला पडतोय. आधीच्या दोन अल्बमांची गुळगुळीत पॉप गायिका बॅलार्डला भेटल्यावर एकदम इतकी बदलते, तेव्हा संगीतात त्याचा हात किती हे विचारायलाच हवं. निर्माता, गिटारिस्ट, की-बोर्ड, ड्रम मशीन, सगळीकडे तोच आहे.

नौपाडेकर

संध्याताई, श्रेयनामावली या बाबतीत स्पष्ट आहे. सगळे शब्द अलानिसचे, संगीत दोघांचं मिळून. बॅलार्डचा वाटा मोठा आहेच, तो कुणी नाकारू नये. पण शब्द तिचेच आहेत, आणि या अल्बममध्ये चाल शब्दांच्या पोटातून निघते. 'हँड इन माय पॉकेट' पाहा. साधा ड्रम मशीनचा ठेका, दोन-तीन कॉर्ड्स, त्यावर स्वतःबद्दलची एकमेकींना छेद देणारी विधानं एकामागून एक. ती यादी काढून घेतली तर खाली चाल म्हणून फार काही उरत नाही.

बदलाचं म्हणाल तर, एकोणिसाव्या वर्षी माणूस बदलतोच. कॅनडात तिला काय गायचं ते सांगितलं जात होतं. इथे पहिल्यांदा कुणीतरी समोर बसून विचारलं, तुला काय म्हणायचंय? असं विचारणं हीही निर्मात्याची मोठी कला आहे, आणि त्यासाठी बॅलार्डला माझा नमस्कार.

मंजिरी_कळवा

मी शास्त्रीय शिकले आणि शिकवते. धागा वाचून काल रात्री पहिली चार गाणी ऐकली. प्रामाणिकपणे लिहिते, मला त्रास झाला. पहिल्या गाण्यात आवाज नाकातून येतो, टोकाला फाटतो. शब्दांवरचे आघात भलत्याच अक्षरांवर पडतात. आमच्याकडे विद्यार्थिनीने असं गायलं तर मी थांबवेन. यात सौंदर्य कुठे शोधायचं ते मला कुणीतरी सांगा. मला खरोखर समजून घ्यायचं आहे.

घोडबंदर_वाचक

मंजिरीताई, तुमचा प्रश्न फार आवडला. मला संगीतातलं तंत्र कळत नाही, मी लोकसाहित्य वाचणारा माणूस. त्या बाजूने सांगून बघतो.

आपल्या भावगीतात कवी वेगळा, संगीतकार वेगळा, गायिका वेगळी. तीन हातांतून गाणं जातं आणि प्रत्येक हात त्याला घासूनपुसून पुढे देतो. या व्यवस्थेने आपल्याला काय दिलंय ते मी वेगळं सांगायला नको. शांताबाईंनी शब्द लिहिले, लताबाईंनी आनंदघन नावाने चाली दिल्या. पण शब्द, चाल आणि गळा तिन्ही एकाच बाईचे, आणि विषयही तिचं स्वतःचं आयुष्य, असं आपल्या ध्वनिमुद्रिकांत फारसं सापडत नाही.

सापडतं ते जात्यावर. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आज त्यातल्या कितीतरी आपण इंटरनेटवर त्या बायांच्याच आवाजात ऐकू शकतो. सासुरवास, माहेरची ओढ, नवऱ्याचा जाच, सीतेच्या वनवासाबद्दलचा राग, सगळं त्यात आहे. पहाटे दळताना बाई गाते, तेव्हा समोर श्रोता नसतो. दगडाच्या घरघरीवर आवाज चढवायचा असतो, हाताला जोर लावायचा असतो, त्यामुळे श्वास तुटतो आणि ओळ मध्येच ओढली जाते. तो आवाज बेसूर आहे असं आपण म्हणत नाही. ती बाई काय म्हणते आहे याकडे आपला कान असतो.

रात्री उशिरा, बाजाराचा विचार मनात नसताना, कुणाला दाखवण्यासाठी नव्हे तर मोकळं होण्यासाठी गायलेला आवाज मला इथेही ऐकू येतो. फरक मोठा आहे, तोही सांगायला हवा. ओवी कुणी रचली ते बहुतेक वेळा कळत नाही, ती सगळ्याजणींची होते. इथे मात्र अलानिस 'मी' म्हणते आणि त्या 'मी'खाली सही करते. पण गळा उघडा टाकण्याची हिंमत मला दोन्हीकडे एकाच जातीची वाटते.

सीवूड_सई

घोडबंदर_वाचक, हा प्रतिसाद मी जपून ठेवणार आहे.

माझी गोष्ट साधी आहे. आम्ही वाशीला राहायचो, केबल नुकतंच घरोघरी आलं होतं. 'आयरॉनिक'चा व्हिडिओ दिवसातून कितीदा तरी लागायचा: बर्फातला रस्ता, गाडी, आणि गाडीतल्या चौघीही तीच. एक गाडी चालवतेय, बाकीच्या तिघी वेगवेगळ्या स्वभावाच्या. घरात अभ्यासाची मुलगी, मैत्रिणींत वेगळीच, क्लासला तिसरीच. आपण एकाच वेळी चौघीजणी असू शकतो हे मला तिथे पहिल्यांदा दिसलं.

पण ज्यांनी फक्त तो व्हिडिओ किंवा 'यू ऑटा नो' ऐकलंय त्यांनी तिसरं गाणं नीट ऐका, 'परफेक्ट'. आईबाप मुलाशी बोलतायत. आवाज गोड, गिटार हळू. अजून थोडं चांगलं कर, म्हणजे आम्हाला आवडशील. शेवटाकडे तोच गोड आवाज वाढत वाढत ओरडण्यापर्यंत जातो. मी तेव्हा बारावीला होते. ज्यांच्या घरी टक्क्यांवर जेवणाच्या ताटाचं वातावरण ठरायचं, त्यांना हे गाणं समजावून सांगावं लागत नाही. आज मी स्वतः आई आहे आणि ते गाणं आता मला दुसऱ्या बाजूने ऐकू येतं. त्यातली बोलणारी व्यक्ती मी होऊ नये म्हणून मी ते ऐकते.

अलानिसला 'रागीट मुलगी' ठरवलं गेलं, ते मला पटत नाही. बारा गाण्यांत राग दोन-तीन गाण्यांचा. 'हेड ओव्हर फीट' तर किती हळवं आहे! चांगला माणूस भेटल्यावर बाईला आधी वाटणारी शंका आणि मग आलेला विश्वास. माउथ ऑर्गनही तिचाच. 'मेरी जेन'मध्ये ती खचलेल्या मैत्रिणीला धीर देते. 'फॉरगिव्हन' कॅथलिक घरातल्या मुलीच्या अपराधीपणाबद्दल आहे. या सगळ्याला एकच लेबल लावणारे बहुतेक पुरुष समीक्षक होते, हे मला आजही खटकतं.

खारघर_रोहन

सगळ्यांना नमस्कार, मी इथे बहुतेक सगळ्यांपेक्षा लहान. माझा जन्म या अल्बमनंतरचा. मी उलट्या बाजूने आलो, आधी संगीतिका, मग अल्बम. या गाण्यांवरून 'जॅगिड लिटल पिल' नावाचंच नाटक झालं: २०१८ मध्ये आधी अमेरिकेतल्या केंब्रिजला, मग डिसेंबर २०१९ मध्ये ब्रॉडवेवर. संहिता डायब्लो कोडीची, तिला त्यासाठी टोनी हा नाट्यपुरस्कार मिळाला. अमेरिकेतलं एक वरवर सुखी कुटुंब आहे, प्रत्येकाच्या मनात काहीतरी दडपलेलं, आणि प्रत्येक गाणं वेगळ्या पात्राच्या तोंडी येतं. 'यू ऑटा नो' तिथे एक तरुण मुलगी गाते, आणि प्रेक्षक उभे राहतात.

अल्बम ऐकला तेव्हा ड्रमचे लूप, म्हणजे यंत्रावर पुन्हा पुन्हा फिरणारे ठेके, मला जुने वाटले, हे खरं सांगतो. 'हँड इन माय पॉकेट'चा ठेका आज कुणी असा ठेवणार नाही. तरीही एक जागा मी कुणालाही ऐकवतो. पहिल्या गाण्यात, 'ऑल आय रिअली वाँट'मध्ये, ती समोरच्याला विचारते की तुला शांततेची इतकी भीती का वाटते, आणि सगळी वाद्यं थांबतात. हेडफोनवर पहिल्यांदा ऐकताना मला वाटलं ॲप बंद पडलं. रविवारी त्या क्षणी कुणी बोलू नका, प्लीज.

कोपरीकर_बाबा

माझी मुलगी नववीत आहे, तिला आणायचा विचार होता. 'यू ऑटा नो'चे शब्द वाचले आणि जरा अडखळलो. शिवी आहे, शरीरसंबंधांचा उल्लेख आहे. इतर मंडळींचं काय मत? मी विरोध करत नाहीये, विचारतोय.

सीवूड_सई

दादा, प्रश्न अगदी रास्त आहे. माझं मत विचाराल तर आणा. ती ज्या गोष्टी मोबाईलवर पाहते-ऐकते त्यांच्या मानाने हे काहीच नाही. आणि इथे एक मोठा फरक आहे. या गाण्यात जिला सोडून दिलं गेलं ती मुलगी बोलतेय. ती रडून गप्प बसत नाही, मला दुखलंय आणि ते तू विसरू शकणार नाहीस, असं तोंडावर सांगते. आपल्या मुलींना हे ऐकायला मिळावं असं मला मनापासून वाटतं. फक्त घरी जाताना गाडीत तिच्याशी बोला. तिला काय वाटलं ते आधी ऐकून घ्या, मग तुमचं सांगा.

ऐरोलीचा_बेस

सईताईंना अनुमोदन. शिवाय १९९६ च्या ग्रॅमी सोहळ्यात अलानिसने हेच गाणं कसं गायलं ते मुलीला दाखवा. धडाक्याची गिटार नाही, बँडचा गोंगाट नाही, तंतुवाद्यांच्या साथीने, हळू. गाणं तेच, पण राग निवल्यावर खाली काय होतं ते दिसतं. त्या रात्री तिला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमसह चार पुरस्कार मिळाले. वय एकवीस. त्या मोठ्या पुरस्काराची सगळ्यात तरुण मानकरी ती होती, २०१० मध्ये टेलर स्विफ्टने तो विक्रम मोडेपर्यंत.

आणखी एक: दौऱ्यावर तिच्या बँडमध्ये ड्रमवर टेलर हॉकिन्स होता, पुढे फू फायटर्स या बँडचा झाला तोच. त्या काळातल्या मैफिलींची चित्रणं बघा, अल्बमवरचे ते लूप तो हाताने कसे वाजवतो. रोहन, तुझी तक्रार तिथे दूर होईल.

मंजिरी_कळवा

परत आले. आज अख्खा अल्बम ऐकला, वहीत टिपणं काढून.

पहिल्या गाण्यातला नाकातला आवाज मला अजूनही आवडत नाही, आणि तो आवडलाच पाहिजे असं कुणी म्हणू नये. पण 'मेरी जेन' ऐकताना मी लिहायची थांबले. संथ लय, तीनाच्या वजनात झुलणारी. ती एकेक स्वर धरते, त्यावर आवाज पसरू देते, आणि मग वर जाताना चिरतो तो आवाज मुद्दाम सावरत नाही. तिला सावरता येतं हे आधीच्या ओळींवरून दिसतं. म्हणजे ती तिची निवड आहे. हे लक्षात आल्यावर बाकीची गाणी मागे जाऊन पुन्हा ऐकली.

आणि शेवटी, बारा गाणी संपल्यावर, 'यू ऑटा नो' दुसऱ्यांदा येतं, त्यानंतर बराच वेळ काहीच नाही, आणि मग 'युअर हाउस'. कव्हरवर त्याचं नावही नाही. ठेका नाही, तंबोरा नाही, एकही वाद्य नाही. फक्त गळा आणि खोलीचा घुमारा. प्रियकराच्या रिकाम्या घरात ती त्याला न विचारता शिरते, त्याच्या वस्तूंना हात लावते, आणि दुसऱ्या कुणाचं पत्र तिच्या हाती लागतं. आधाराला षड्ज नसताना इतका वेळ स्वर सांभाळणं सोपं नाही, कुणालाही विचारा. तिथे ती जराही ओरडत नाही. सगळ्यात मोठं दुःख तिने सगळ्यात साध्या गाण्यात ठेवलंय. माझ्या विद्यार्थिनींना मी ते ऐकवणार आहे, साथीशिवाय गाण्याचा धडा म्हणून.

निवडक ऐकलं असतं तर हे गाणं कुणी वाजवलं नसतं. माझं मत सलगला.

तलावपाळी_संध्या

मंजिरी, छान लिहिलंस. बॅलार्डबद्दलचं माझं म्हणणं मी सोडलेलं नाही, पण 'युअर हाउस'मध्ये तो कुठेच नाही हे मान्य करायला हवं. माझंही मत सलगला, मात्र मध्ये एक विश्रांती हवी. 'फॉरगिव्हन'नंतर थांबू. ते संपल्यावर लगेच 'यू लर्न' ऐकू नये असं मला वाटतं. त्या दोन गाण्यांमध्ये दम घ्यायला हवा.

घोडबंदर_वाचक

वेळ उरला तर १९९८ च्या अल्बममधलं 'थँक यू'ही लावा. लांबलचक दौऱ्याने थकून ती भारतात येऊन गेली होती, आणि त्या गाण्यात ती ज्यांचे आभार मानते त्यांत भारताचंही नाव आहे.

नौपाडेकर

ठरलं तर मग. सलग, क्रमाने, शेवटच्या लपलेल्या गाण्यासकट. 'फॉरगिव्हन'नंतर चहा. 'थँक यू' चर्चा संपल्यावर.

संध्याकाळी ५ ला सुरुवात, अल्बम तासाभराच्या आत संपतो, नंतर बोलायला ७ पर्यंत हॉल आपला आहे. नवी मुंबईकरांनी ट्रान्सहार्बर लोकलने ठाण्याला उतरावं, स्टेशनबाहेरून वसंत विहारची टीएमटी बस मिळते. रविवारी गाडी आणलीत तर आतल्या गल्लीत लावा, गेटसमोर वॉचमन लावू देत नाहीत. गाण्याचे शब्द ज्याने त्याने आधी वाचून यावेत, ऐकताना मोबाईल नको.

ऐरोलीचा_बेस

दोन फ्लोअर स्पीकर आणि ॲम्प्लिफायर मी टेम्पोत घालून आणतो. माझ्याकडे सीडी आहे, पण प्लेअर बिघडलाय. कुणाकडे चालू सीडी प्लेअर असेल तर शनिवारपर्यंत सांगा.

कोपरीकर_बाबा

माझ्याकडे आहे, घेऊन येतो. मुलगीही येतेय. तिने धागा वाचला, आणि आत्ता आतल्या खोलीत 'परफेक्ट' ऐकत बसली आहे.